मऐक एकच, की मऐकचा बाप पण मऐक?

बालाघाटचा_वाटसरू
नमस्कार मंडळी. परवापासून स्कायरिम हा कंप्युटर गेम परत सुरू केलाय. कितव्यांदा ते विचारू नका, घरात कळलं तर कंप्युटर आखाड्यावर नेऊन ठेवतील. व्हाइटरनहून निघालो, रस्त्यात डोक्यावरनं टोपी ओढलेला, जोग्यासारखा झगा घातलेला एक खजीत समोरून आला. मऐक! खोटारडा मऐक.

ज्यांनी गेम खेळला नाही त्यांच्यासाठी: खजीत म्हणजे दोन पायांवर चालणारी, मांजरासारखी दिसणारी जमात. हा मऐक याच मालिकेतल्या (एल्डर स्क्रोल्स) २००२ च्या मॉरोविंडमध्ये होता, २००६ च्या ऑब्लिव्हियनमध्ये होता, २०११ च्या स्कायरिममध्ये आहे आणि २०१४ च्या ऑनलाइनवाल्यातही आहे. त्याच्याकडं कामगिरी नाही, दुकान नाही, त्याच्यामुळं कथा इंचभर पुढं सरकत नाही. भेटतो, दोन वाकडी वाक्यं बोलतो, आपल्या वाटेनं निघून जातो.

स्कायरिममध्ये तो म्हणतो की माझ्या बापाचं नाव मऐक होतं, आज्याचं पण मऐकच होतं, निदान बापानं तरी तसंच सांगितलं. या एका वाक्यावर जगभरच्या लोकांनी ठरवून टाकलंय की हे घराणं आहे. मला नाही पटत. ज्याचं नावच खोटारडा, त्याच्या शब्दावर वंशावळ उभी करायची? माझं म्हणणं, मऐक एकच आहे. तोच तो, युगानुयुगं चालतोय आणि लपवायला बापाचं नाव पुढं करतोय.

बोला.

मोसंबी
पहिला नंबर माझा. वाचून येतो.

खडकी_ते_खजीत
अरे मियाँ, मांजर है वो. नऊ जनम होते उसके. धागा बंद करो.

लातूर_पॅटर्न
वाटसरू, आधी हिशेब करू. ऑनलाइनवाला गेम दुसऱ्या युगाच्या ५८२ साली घडतो. दुसरं युग ८९६ ला संपलं, म्हणजे ३१४ वर्षं. ऑब्लिव्हियन तिसऱ्या युगाच्या ४३३ ला, तिथंच ते युग संपलं. स्कायरिम चौथ्या युगाच्या २०१ ला. बेरीज ९४८. एका पिढीला २५ वर्षं धरली तरी ३८ पिढ्या झाल्या. तुम्ही म्हणता एकच माणूस साडेनऊशे वर्षं जगला. खजीत काही शेकडो वर्षं जगणारे एल्फ नव्हेत.

आता ते वाक्य नीट वाचा. तो "बापाचं नाव मऐक होतं" एवढंच म्हणून थांबत नाही, "बापानं तसं सांगितलं" अशी पुस्ती जोडतो. म्हणजे मऐक खोटं बोलत नसेलही, बाप खोटं बोलला असेल. हा साक्षीदार फार हुशार आहे, उलटतपासणीत सापडायचा नाही.

मोसंबी
३८ पिढ्या? सातबाऱ्यावर सगळे मऐकच? मऐक मऐक मऐक, भूधारकाचे नाव मऐक, इतर हक्कात मऐक. फेरफार ओढताना तलाठी रडंल.

कडक_ज्वारी
आणि वाटणीला बसले तर बांधावर ३८ मऐक. सगळे खोटारडे. कोर्टात कोण खरं बोलायचं?

गोदातीर
थट्टा राहू द्या, पुरावा देतो. खजीत जन्मतो तेव्हा आकाशात दोन चंद्र कोणत्या कलेत आहेत यावर त्याचं शरीर ठरतं. मासर आणि सेकुंडा. कुणी घरच्या मांजराएवढं राहतं, कुणी पाठीवर बसून जाता येईल एवढं वाढतं. एकदा ठरलं की ठरलं.

मॉरोविंडमधल्या खजीतांचे पाय आठवा. मागं वळलेले, जनावरासारखे. म्हणून तर त्यांना बूट घालता यायचे नाहीत. ऑब्लिव्हियनमध्ये खजीत माणसासारख्या पायांचे झाले, बूट घालू लागले. या दोन गेममधलं अंतर किती? तिसऱ्या युगाचं ४२७ आणि ४३३. सहा वर्षं! सहा वर्षांत मऐकचे पाय सरळ झाले? म्हातारपणाचा प्रश्नच येत नाही, सरळ सरळ दोन वेगळे खजीत आहेत. वाटसरू, आता काय म्हणता?

बालाघाटचा_वाटसरू
@गोदातीर, हे मात्र जोरात लागलं. पण पाय गेम बनवणाऱ्यांनी बदलले, सगळ्याच खजीतांचे बदलले. स्कायरिममध्ये मऐक स्वतःच म्हणतो की खजीत इथं आले की त्यांना काहीतरी विचित्र होतं. म्हणजे त्याला कळलंय की आपलं अंग बदललं. ज्यानं एकच अंग बघितलं त्याला बदल कसा कळंल?

गोदातीर
आवं, पण तो खोटारडा आहे असं तुम्हीच म्हणालात ना! तुम्हाला पायजे तिथं खरा आणि आम्हाला पायजे तिथं खोटा, असं कसं चालंल?

खडकी_ते_खजीत
हा हा हा. गया वाटसरू.

परभणीकर_सध्या_हिंजवडी
इतकं डोकं लावायची गरज नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, मला हा माणूस रोज भेटतो. मऐक म्हणजे गेम बनवणाऱ्यांचं तोंड आहे. लोक ज्या ज्या गोष्टींवरून ओरडतात त्याला दिलेलं खोडकर उत्तर.

मॉरोविंडमध्ये मंत्र म्हणून उडता यायचं. ऑब्लिव्हियनमधून ते काढलं. का? ऑब्लिव्हियनची शहरं बाहेरच्या जगापासून वेगळी करून ठेवली होती. वेशीतून आत गेलं की ते शहर वेगळं लोड व्हायचं. भिंतीवरून उडून आत गेला असता तर आत अर्धवट घरं दिसली असती. मग मऐकच्या तोंडी टाकलं की उडणं मूर्खांचं काम, वर गेल्यावर खालीच यायचं ना? स्कायरिममधून ताकद-बुद्धी वगैरेचे आकडे काढले, तर हा म्हणतो माणूस किती ताकदवान किंवा हुशार यानं काय होतं, तो काय करू शकतो ते महत्त्वाचं. मिस्टिसिझम नावाची अख्खी विद्याशाखा काढली, तर म्हणतो आपण व्यवहारी माणूस, आपल्याला त्याची गरज नाही. ऑब्लिव्हियनमध्ये एक लहान मूल नव्हतं. हा म्हणतो मुलं हेच भविष्य, पण आपल्या मजेत त्यांचा घोळ नको.

हे सगळं म्हणजे आमच्याकडं ग्राहकाला पाठवतात तसलं उत्तर आहे. "सदर सुविधा मुद्दामच दिलेली नाही."

कडक_ज्वारी
@परभणीकर, हिंजवडीत गेलास आणि रस गेला बघ तुझ्यातला. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणायचास तू.

परभणीकर_सध्या_हिंजवडी
अजून म्हणतो. ट्रॅफिकमध्ये बसून म्हणतो.

मोसंबी
नावावरून एक. "मऐक" कुणी असं लिहायला सुरुवात केली माहीत नाही, पण आमच्याकडं आज्जी गोष्ट सांगताना वाक्य सुरूच असं व्हायचं: "मं ऐक, एक व्हता राजा." मं ऐक. मला पहिल्यांदा वाटलं कुणीतरी जालन्याचाच माणूस त्या कंपनीत आहे.

लातूर_पॅटर्न
मोसंबी, हे मी वर्गात सांगणार. पोरं नीटच्या टेन्शनमध्ये असतात, तेवढंच हसतील.

नावाचंच निघालं तर अजून एक. खजीत नावांत पुढं लागणाऱ्या अक्षराला अर्थ असतो. री लागलं की म्होरक्या, म्हणून स्कायरिममधल्या व्यापारी तांड्याचा पुढारी रीसाद. आणि म लागतं ते लहान पोराला, किंवा शिकाऊ माणसाला. म्हणजे मऐक म्हणजे बाळ ऐक. चांगला बाप्या माणूस, आणि नाव लेकराचं.

तेरणाकाठ
@लातूर_पॅटर्न, मोठ्ठी गोष्ट सांगितलीत तुम्ही आणि सहज सांगून गेलात. कारण तो एके ठिकाणी म्हणतो की मला माझं बालपण आठवत नाही, कदाचित नव्हतंच. ज्याच्या नावात लेकरू आहे तोच म्हणतो मी लेकरू नव्हतोच!

मी जरा वेगळ्या बाजूनं सांगतो, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्या गावात सुगी झाली की रायरंद यायचे. बहुरूपी म्हणा. एक जण दरवर्षी हवालदार होऊन यायचा. खाकी सदरा, हातात दंडुका, काखेत वही. वाड्याच्या दारात उभा राहून कडक आवाजात म्हणायचा, पाटील, तुमच्या नावचं वॉरंट आहे. माझ्या आजोबांना माहीत की हा कोण, त्याला माहीत की यांना माहीत आहे. तरी आजोबा म्हणायचे, काय गुन्हा केला सायेब? मग तो वही उघडून गुन्हे वाचायचा. एका वर्षी त्यानं वाचलं की सुनंला दोन पंचम्या झाल्या माहेरी धाडली नाही, सबब जामीन नामंजूर. सगळं आंगण हसलं. माझी चुलती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती नाही हसली. त्याला घरातली ती गोष्ट कुणी सांगितली, आम्हाला आजवर कळलं नाही. पुढच्या पंचमीला चुलती माहेरी गेली. तेवढं मला आठवतं, कारण ती येताना आमच्यासाठी काकडीसारखी वाळकं घेऊन आली होती.

हे सांगायचं कारण असं, की तो माणूस नखशिखांत खोटा होता. कपडे खोटे, वॉरंट खोटं, वही कोरी. पण बहुरूपी आहे म्हटल्यावर त्याला कुणी खोटारडा म्हणून हाकलत नव्हतं, आणि म्हणूनच पाटलाच्या तोंडावर बोलायची मुभा त्या अख्ख्या गावात त्याला एकट्याला होती. परभणीकर म्हणतात मऐक हे कंपनीचं तोंड आहे. मला उलटं वाटतं. तो कंपनीच्या दारात उभा राहून कंपनीचं वॉरंट वाचतो. स्कायरिममधल्या डोंगरावरच्या हाय ह्रोथगार मठाला सात हजार पायऱ्या आहेत असं सगळे छातीठोक सांगतात. मऐक म्हणतो चढलो, पण मोजता मोजता विसरलो. कुणीही चढून बघा, सात हजाराच्या जवळपास पण नाहीत. सगळे खोटं बोलतायत आणि एकटा खोटारडा गप्पकन खरं सांगून गेला.

त्याला खोटारडा हे नाव कुणी ठेवलं हो? माझ्या मते त्यानं स्वतःच लावून घेतलंय. ते त्याचं लायसन आहे.

कडक_ज्वारी
तेरणाकाठ भाऊ, वाळकाचं वाचून तोंडाला पाणी सुटलं. बाकी पुन्हा एकदा वाचतो.

परभणीकर_सध्या_हिंजवडी
@तेरणाकाठ, मान्य. मी माझं वाक्य अर्धं मागं घेतो. अर्धंच.

मोसंबी
आमच्याकडं अजून येतात बहुरूपी, पण आता मोबाईलमध्ये क्यूआर कोड घेऊन. लोक म्हणतात सुट्टे नाहीत, तो म्हणतो फोन आहे ना.

बालाघाटचा_वाटसरू
तेरणाकाठ, सुंदर लिहिलंत. पण माझा प्रश्न तसाच राहिला ना. तुमच्या गावात दरवर्षी येणारा हवालदार एकच माणूस होता का?

तेरणाकाठ
खरं सांगू? माहीत नाही. मला तो कायम चाळीशीचाच आठवतो. मी चौथीत होतो तेव्हाही आणि कॉलेजला होतो तेव्हाही. पोरगा आला असंल नंतर. सदरा तोच होता.

गोदातीर
बघा! सदरा तोच, माणूस दुसरा. घराणं सिद्ध.

खडकी_ते_खजीत
मी काल रात्री ऑब्लिव्हियनचं २०२५ चं नवीन रूप लावलं होतं, तिथंही भेटला. तो लेयाविन ते अनविल अशा खेपा घालत असतो. पळत. चालत नाही, पळतो. मला एक कळत नाही, याला घाई कसली आहे? काम काही नाही, कुटुंब काही नाही, आणि पळतोय असा की जणू एसटी चुकंल.

कडक_ज्वारी
स्कूमा आणायला जात असंल, खजीतांची नशा.

खडकी_ते_खजीत
खजीत दिसला की स्कूमा. तुमच्यासारख्यांमुळंच स्कायरिममध्ये त्यांना वेशीच्या आत घेत नाहीत.

कडक_ज्वारी
अरे गंमत केली.

गोदातीर
नाही, खडकी बरोबर बोलले. स्कायरिममध्ये खजीतांचे तीन तांडे फिरतात. रीसादचा व्हाइटरन आणि मार्कार्थला, अहकारीचा डॉनस्टार आणि रिफ्टेनला, मादरानचा सॉलिट्यूड आणि विंडहेल्मला. तिन्ही कायम वेशीबाहेर पालं टाकून. आत घेत नाहीत, कारण काय, तर चोर असतात म्हणे. सामान मात्र सगळे घेतात त्यांच्याकडून.

मी लोह्याजवळचा. आमच्याकडं माळेगावची खंडोबाची जत्रा भरते, घोडे, उंट, गाढवं, सगळा बाजार. वैदू, घिसाडी, मसणजोगी, लांबून लांबून पालं यायची, जातपंचायती तिथंच बसायच्या. लहानपणी आम्हाला घरून सांगून पाठवायचे की पालाकडं जाऊ नका. आणि आम्ही तिथंच जायचो, कारण सगळ्यात भारी गोष्टी तिथं ऐकायला मिळायच्या. इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या होत्या. कायदा १९५२ ला गेला, "पालाकडं जाऊ नका" अजून गेलं नाही. मी स्कायरिममध्ये पहिल्यांदा रीसादची पालं बघितली तेव्हा गेम थांबवून बसलो होतो थोडा वेळ.

मऐक पण रस्त्यावरच भेटतो. कधी गावात दिसला का कुणाला?

लातूर_पॅटर्न
मला नाही. ओसाड रस्त्यावरच. मॉरोविंडमध्ये तर उत्तरेच्या समुद्रात एका बेटावर एकटा उभा होता. तिथपर्यंत पोहत गेलेला माणूस एकतर हरवलेला असणार किंवा अभ्यास टाळणारा. मी दुसऱ्या प्रकारातला.

नातवाची_आजी
नमस्कार. मी इथं पाककृतींच्या धाग्यांवर असते, माझा नातू हाच गेम खेळतो म्हणून वाचत बसले. तुमच्या बोलण्यातलं अर्धं कळलं नाही. पण मला सांगा, हा मांजराचा बाबा दिवसभर रस्त्यानं फिरतो, मग तो खातो काय? निजतो कुठं? बहुरूपी तरी पसाभर जोंधळे मागायचा. हा काही मागतो का?

बालाघाटचा_वाटसरू
आजी नमस्कार. …थांबा. नाही मागत हो.

तेरणाकाठ
खरंच नाही मागत. आजी, माझी अख्खी उपमा तुम्ही एका ओळीत लंगडी केली. रायरंद बिदागीसाठी बोलतो, तांडेवाले विकायला बोलतात. याला ना विकायचं, ना मागायचं.

मोसंबी
वीस वर्षं लोक याच्यावर लिहायलेत आणि जेवला का हे कुणीच विचारलं नाही.

परभणीकर_सध्या_हिंजवडी
आजी, तुम्ही आमच्या कंपनीत टेस्टिंगला या.

नातवाची_आजी
मला नातू म्हणतो की याच्या बापाचं पण हेच नाव. आमच्यात आजोबाचं नाव नातवाला ठेवतात, बापाचं लेकाला ठेवत नाहीत. माझ्या सासऱ्याचं नाव मोठ्या लेकाला ठेवलं, तर मी त्याला जन्मभर "बापू" म्हणत आले, सासऱ्याचं नाव तोंडानं कसं घ्यायचं? आता ओळीनं सगळ्यांचंच एक नाव असेल तर त्या घरातल्या बाया कुणाला काय हाका मारत असतील? का त्या घरात बायाच नाहीत?

लातूर_पॅटर्न
मऐकची आई कुठंच नाही. बाप आहे, आजा आहे, आईचं नाव नाही, आजीचं नाही.

गोदातीर
आई नाही, बालपण नाही, घर नाही. आता मलाच माझ्या घराण्याची शंका यायला लागली.

पाहुणा_७१
हा गेम मोबाईलवर चालतो का? ४ जीबी रॅम आहे.

खडकी_ते_खजीत
नाही चालत.

तेरणाकाठ
रात्री झोप लागेना, विचार करत बसलो. तिसरी शक्यता मांडतो. वाटसरू म्हणतात एकच माणूस. गोदातीर म्हणतात रक्ताचं घराणं. मला वाटतं गादी आहे.

आपल्याकडं मठाच्या गादीवर नवा माणूस बसला की त्याचं घरचं नाव सुटतं, गादीचं लागतं. आधीचे महाराज त्याचे वडीलच होतात, रक्ताचं नातं असो नसो. आता जुळवून बघा. मऐकच्या अंगावर झगा आहे तो जोग्याचा, स्कायरिममधल्या बैराग्यांचा असतो तसला. व्यापाऱ्याचा नाही, शिपायाचा नाही. लातूरवाले म्हणाले म म्हणजे लेकरू किंवा शिकाऊ, म्हणजे चेला. बालपण आठवत नाही, कारण ते दुसऱ्या नावाच्या पोराचं होतं आणि ते नाव टाकून दिलं. आई नाही, कारण गादीला आई नसते. बापाचं नाव मऐक, हे बापानं सांगितलं. म्हणजे गुरूनं सांगितलं. गोदातीरांचे पाय पण बसतात यात. मागं वळलेल्या पायाचा गुरू, सरळ पायाचा चेला. आणि काही मागत नाही, ते का, हे आता वेगळं सांगायला नको.

गोदातीर
…

लातूर_पॅटर्न
पैकीच्या पैकी.

कडक_ज्वारी
मग उपदेश काय करतो हा महाराज? खेकडे वाईट्ट असतात एवढंच?

तेरणाकाठ
दाढ्यांवरनं स्कायरिमच्या नॉर्ड लोकांची टर पण उडवतो. सगळेच महाराज गंभीर असावेत असं कुठं लिहिलंय?

परभणीकर_सध्या_हिंजवडी
एक भर घालतो, गादीच्या बाजूनं. मॉरोविंडमध्ये लोक विचारायचे ड्रॅगन कुठं आहेत, गेममध्ये तर एकही नव्हता. मऐक म्हणाला सगळीकडं आहेत, पण लई उंच, आणि खालचे अदृश्य. सगळे हसले. नऊ वर्षांनी स्कायरिम आलं, आकाशभर ड्रॅगन. स्कायरिममध्ये अस्वल होणाऱ्या माणसांबद्दल विचारलं की म्हणतो, कुठली अस्वलं? माणसांची अस्वलं? २०१२ च्या ड्रॅगनबॉर्न या स्कायरिमच्या पुरवणीत ती पण आली. खोटारड्याचं बोलणं पुढच्या पिढीत खरं होतं.

मोसंबी
म्हणजे आज जे खोटं बोलायलाय ते सहाव्या गेममध्ये खरं. २०१८ ला झलक दाखवून बसलेत, अजून गेम नाही. तोवर माझा पोरगाच नोकरीला लागंल.

बालाघाटचा_वाटसरू
मंडळी, माझा एकच मऐक मी मागं घेतो, पण पूर्ण नाही. तेरणाकाठांची गादी मान्य केली तरी गादीवरचा माणूस बदलतो आणि गादी एकच राहते. म्हणजे मऐक एकच! मी जिंकलो.

गोदातीर
हे असं बोलणं कुठून शिकलात ते कळलं. उद्यापासून नाव बदला, खोटारडा_वाटसरू.

नातवाची_आजी
खायचं राहिलंच.

बालाघाटचा_वाटसरू
आजी, आज संध्याकाळी परत गेम लावला. दीड तास रस्त्यांनी हिंडलो, शेवटी फॉकरीथच्या अलीकडं भेटला. त्याला वस्तू द्यायची सोयच नाही गेममध्ये, म्हणून पिशवीतले तीन गोड पाव काढून त्याच्या वाटेत ठेवले आणि बाजूला उभा राहिलो.

नातवाची_आजी
घेतले का?

बालाघाटचा_वाटसरू
नाही. एकाला त्याचा पाय लागला, तो घरंगळत गेला उतारानं. मी बोलायला गेलो तर म्हणाला, मऐकचं बोलून झालं. आणि गेला पुढं.

नातवाची_आजी
मग कुठंतरी जेवून आला असेल. बरं झालं.